झाकलेला टोप

आत.

"डाव्या कुशीवर वळा," डॉक्टर राही म्हणाल्या.

काळूराम वळला. घशात औषध फवारलेलं, त्यामुळे जीभ जड झाली होती. तरी तो बोलतच होता.

"मी मरनार काय?"

"आधी बघू तर द्या. रक्त येतंय तिथे सुई देऊ, वर बारीक चिमटा लावू. थांबेल."

"आजपासून थेंब न्हाय. दिपेसची शप्पथ…"

नर्सने त्याच्या दातांत प्लॅस्टिकची कडी बसवली. उरलेली शपथ आतच राहिली.

बाहेर.

ठमाबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. बाकडं रिकामं होतं.

"वर बस ना, आई," दिपेश म्हणाला.

"लादी गार हाय. बरं वाटतं."

तिच्याजवळ टोप. वर ताट झाकलेलं. डॉक्टरांना दाखवायला दिपेशने तो तसाच गाडीत घालून आणला होता.

काल पुतणीची हळद होती. काळूराम मांडवामागे पीत बसला. चौघांनी उचलून त्याला ओटीवर आणून टाकलं. सकाळी दिपेशला जाग आली तेव्हा बापाच्या उशाशी हा टोप होता. अर्धा भरलेला, लाल, मध्ये काळ्या गुठळ्या. शेजारी आई.

"बघ, काय ओकलाय तुझा बापूस," ती म्हणाली होती.

काळूरामला काही आठवत नव्हतं. हळदीच्या रात्रीचं त्याला कधीच आठवायचं नाही. टोपात पाहिलं आणि तो पोरासारखा रडला.

आत.

नळी घशातून खाली गेली. पडद्यावर अन्ननलिका दिसली. गुलाबी.

"नाडी पळतेय," नर्स म्हणाली.

"घाबरलेत. चिमटा तयार ठेव."

बाहेर.

"घरी नेऊ या," ठमाबाई म्हणाली. "शप्पथ घेतलीय त्यांनी. झालं की."

"रक्त ओकलाय तो. शपथेनं थांबतं काय?"

"थांबंल."

दिपेशला तिचा राग आला. इथे थांबलं नाही आणि मांडवा बंदरावरून लाँचने मुंबईला न्यायला लागलं तर बाप बोटीतच जाईल, हे त्याला कळत होतं. हिला दाराकडे बघायचीही भीती वाटत होती.

"तू काही खाल्लंस?"

"रोजची गुडघ्याची गोळी घेतली."

"उपाशीपोटी?"

"हळदीचं मटन मला कोन वाढतोय. रात सगळी त्यांच्यामागं गेली." ती हसली आणि पदराने तोंड पुसलं. "लगीन झाल्यापासून सांगतेय, सोडा. आज पयल्यांदा आयकलं."

"रक्त बघून."

"व्हय. रगत बघून."

तिने डोळे मिटले. कपाळावर घाम होता. आतून नर्सने दिपेशला हाक मारली.

आत.

डॉक्टर राहींनी पाणी मारून जठराची प्रत्येक घडी धुतली. नळी उलटी वळवून वरचा भाग पाहिला. पुढे आतड्याच्या तोंडापर्यंत गेल्या. मागे आल्या, पुन्हा गेल्या.

"टोपभर रक्त गेलंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "कुठून तरी यायला हवं."

कालचा भात होता. जखम नव्हती. गुठळी नव्हती. चिमटा नर्सच्या हातात तसाच.

"घरी हे ओकताना कुणी पाहिलं?" त्यांनी दिपेशला विचारलं.

"आईने."

"तुम्ही?"

"मी नाही."

डॉक्टर पडद्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "टोपातलं रक्त यांचं नाही."

बाहेर.

दिपेश दार ढकलून धावत आला. बाप वाचला, हे त्याला आधी आईला सांगायचं होतं.

ताट लादीवर पडलं होतं. टोप ठमाबाईच्या मांडीत होता. त्यात ताजं लाल होतं, अजून गरम. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने त्याचं मनगट धरलं. बोटं लादीइतकीच गार.

"दार लोट," ती म्हणाली. "बापसाला सांगू नको. आत्ता कुटं त्यांची दारू सुटलीय."