उष्टं

डॉक्टरांनी सुनेला तीन तऱ्हेच्या गोळ्या एकत्र दिल्या. दोन पोटातले जंतू मारायला, एक आम्ल कमी करायला. गिळल्या की दिवसभर तोंडात गंजका खिळा चोखल्यासारखी चव. पण तिला खरी मळमळ व्हायची ती सासूबाईंच्या बोळक्या तोंडाकडे बघून. हे जंतू उष्ट्यातूनही येतात, असं कळलं त्याच दिवशी तिने लाल खूण करून सासूबाईंचा पेला वेगळा काढला.

"शी! त्यांच्याकडूनच आलंय हे," ती नवऱ्याला म्हणाली. मऊ भाताचा चमचा ओठांना लावून, फार गरम नाही ना ते बघून तिने बाळाला भरवला.

सगळ्यांची तपासणी व्हावी म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं. शेवटी रिपोर्ट आले.

"आईला काही नाही," नवरा म्हणाला. "मलाही नाही. घरात फक्त तुलाच आहे."

लाल खुणेचा पेला सासूबाईंनी स्वच्छ घासला आणि तिच्या गोळ्यांशेजारी नेऊन ठेवला.

तिने मान खाली घालून बाळाचा भात कालवला, सवयीने चमचा ओठांशी नेला.

सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"शी! उष्टं नको गं त्याला."