तिच्या नावाने आंघोळ

“बहीण मयत म्हणताय, तर तिचाही मृत्यूचा दाखला जोडा,” देवस्थळी वकीलबाई म्हणाल्या. वडिलांच्या मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे कोर्टाची मान्यता, करून घ्यायला आलेला हेमंत डोक्यावरून हात फिरवत राहिला. मुंडणानंतर केस आता कुठे उगवू लागले होते.

“दाखला नाही मिळणार. म्हणजे... तिने परजातीत लग्न केलं, तेव्हा बाबांनी तिच्या नावाने आंघोळ केली. तेव्हापासून आम्ही सगळे तसंच सांगतो.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अहो, आंघोळीने वारस मरत नाही. फ्लॅट तुमच्या एकट्याच्या नावे लिहिला असला, तरी कोर्टात तिचं नाव दाखवावंच लागतं. हरकत नाही असं तिने लिहून दिलं, तर काम लवकर उरकेल. फोन नंबर आहे?”

नंबर होता. दर राखीपौर्णिमेला रेवतीचा मेसेज यायचा आणि हेमंत तो न वाचताच पुसून टाकायचा.

“मग लावा की आत्ताच.”

हेमंतने नंबर लावला. पहिली रिंग पुरती वाजायच्या आत तिने फोन उचलला.

“दादा?” त्या शांत ऑफिसात तिचा आवाज बाईंनाही ऐकू गेला. “दादा, तू? बाबांनी... बाबांनी बोलावलंय का रे मला?”

बाईंनी मान खाली घातली. फोनवर तिला काही दिसणार नव्हतं, तरी हेमंतने मोकळ्या हाताने आपलं डोकं झाकून घेतलं.