नवे टायर

मोठे टायर बसवल्यापासून ट्रकचा टॅकोग्राफ, म्हणजे वेग नोंदवणारं यंत्र, वेग खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, हे वेलिकोच्या लक्षात आलं होतं. त्यात यंत्राच्या तपासणीची मुदतही उलटून गेलेली. बल्गेरियातल्या रूसे शहराच्या यार्डात मालक झ्लातारोव कॉफी पीत उभे होते. तो सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मालक, आधी कॅलिब्रेशन करून घ्या, मग मी जर्मनीला निघतो."

"वर्कशॉपवाल्याकडे या आठवड्यात जागाच नाही रे. परत आल्यावर करू. तपासणीचा स्टिकर जुना झाला म्हणून गाडी चालायची थांबते का?"

"आणि वाटेत पोलिसांनी धरलं तर? आपल्या ड्रायव्हर मिन्चोला धरलं तेव्हा तुम्ही फोन बंद करून बसलात."

"हल्ली फार घाबरट झालास तू."

वेलिकोचं डोकं तडकलं. "एवढी खात्री आहे ना, मग आज कामेनला बसवा या गाडीवर."

कामेन मालकांचा मुलगा. तोही जर्मनीच्याच फेऱ्या करायचा, आणि त्याच्याही ट्रकला तसलेच टायर बसवले होते.

"तो कसा येईल?" मालक कॉफीचा घोट घेत सहज बोलून गेले. "तो त्याची गाडी घेऊन सकाळीच वर्कशॉपला गेलाय. कॅलिब्रेशनला."

वेलिकोने केबिनमधून आपली चादर, थर्मास आणि बायकोने दिलेला बानित्साचा, चीज भरलेल्या पेस्ट्रीचा, डबा उतरवून घेतला, आणि किल्ली गाडीलाच लटकती ठेवून तो घरी चालू लागला.