उदाहरणार्थ, धिक्कारणे

"जमावाने हल्ल्याचा निषेध केला."

"न्यायाधीशांनी त्याला दोषी ठरवले."

"बापाने पळून जाऊन लग्न केलेल्या मुलीला धिक्कारले."

इंग्रजी 'कंडेम'साठी कोशकार उदाहरणं सांगत होते आणि बायको टाइप करत होती. तिसऱ्या वाक्याला तिचे हात थांबले.

"पोरीने लग्न केलंय हो, दरोडा नाही घातला. एकदा तरी घरी बोलवा तिला."

"मी जिवंत असेपर्यंत ती या घराची पायरी चढणार नाही. टाइप कर!"

तिने केलं. मग खाली स्वतःचं एक वाक्य जोडून मोठ्याने वाचलं, "बायकोने नवऱ्याला धिक्कारले."

"काढ ते," कोशकार खेकसले. "उदाहरण वाचकाला पटलं पाहिजे."



तिचं सामान सकाळीच लेकीकडे पोचलं होतं.