आधी चेन, मग हातमोजे

खिडकीबाहेर बर्फ पडू लागला आणि मुलांच्या आधी शलाकाच टाळ्या पिटू लागली. लातूरहून फिनलंडच्या बालवाडीत महिनाभर तिथली शिकवण्याची पद्धत शिकायला आलेल्या तिने बर्फ पाहिला होता तो गोळेवाल्याकडे!

लगबगीने ती चिमुकल्या आइनोला बूट घालू लागली. आइनोने पाय ओढून घेतला, गाल फुगवले.

"इथे मुलं आपलं आपण घालतात," तिथल्या बाई हसून शलाकाला म्हणाल्या. "आपण फक्त वाट बघायची."

शलाकाचा चेहरा उतरला. पहिल्याच दिवशी पोरगी रुसली, आता बाकीची तरी जवळ येतील का?

मुलं तयार झाली. शलाकाने घाईत हातमोजे आधी घातले, त्यामुळे कोटाची चेन लागेना. आइनो समोर आली. तिने स्वतःचे हातमोजे काढले, चेन उघडून सावकाश लावली, मग हातमोजे घातले. शलाकाने तसंच केलं. चेन सर्रकन वर गेली, तशी आइनो तिला हाताला धरून बर्फात ओढतच घेऊन गेली.