अकरा हजार सुना

"आजी, आम्ही तुमच्या सुना!"

फाटकाशी स्कूटी लावून दोन पोरी ओरडल्या. लालबर्ऱ्याहून आल्या होत्या. शेवंताबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि दोघींना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. एकीच्या जीन्सला दोन्ही गुडघ्यांवर भोकं. घ्या, आली सून!

हा सगळा उद्योग नात नूतनचा. आजीनं दूधवाल्याला झापलं, टाक मोबाईलवर. मांजराला झापलं, टाक. बघता बघता अर्धं बालाघाट शेवंताबाईंच्या जिभेवर लट्टू झालं, आणि ही मंडळी स्वतःला त्यांच्या 'सुना' म्हणवू लागली. अकरा हजार सुना! त्यात लांजीचा एक मिशाळ हवालदारही होता. शेवंताबाई वरून नाक मुरडायच्या, आतून पोळीसारख्या फुगायच्या.

"आजी, एकदा आमाले झापा ना! व्हिडिओ काढतो."

शेवंताबाईंनी तोंड उघडलं. आत काहीच सापडेना.

"चहा घ्या," त्या म्हणाल्या.

पोरी हिरमुसल्या. "काहून आजी, तब्येत बरी नाही का?"

"झापाले घरचं माणूस लागते, बाई. तुम्ही पाहुण्या."

घरचं माणूस, म्हणजे खरी सून मंजू, चार दिवसांपासून हट्ट्याला माहेरी जाऊन बसली होती. कढी खारट झाली म्हणून शेवंताबाई बोलल्या होत्या, "तुह्या मायनं तुले मिठाच्या पोत्यावर वाढवलं का?" एकवीस वर्षांत मंजूनं यापेक्षा तिखट ऐकलं होतं. पण हे मोबाईलवर गेलं. अकरा हजार जण हसले. मंजूच्या मायनंही पाहिलं. मंजूनं मुकाट पिशवी भरली. नूतननं ते पुसून टाकलं, पण मंजू पोटच्या पोरीचाही फोन उचलेना.

चहा नूतननं केला. पचपचीत. शेवंताबाईंनी एक घोट घेऊन कप बाजूला सारला.

"नूतन, ते सगळ्याईले एकदम दिसते ना, ते लाव."

"लाइव्ह? आता कोणाले झापतं, आजी?"

"लाव म्हटलं ना!"

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. मोबाईलकडे आरशात पाहावं तसं पाहिलं.

"ऐका, सुनाहो. त्या दिवशी कढी बराबर होती. माह्याच जिभेले चव नव्हती. मंजूची माय गुणाची बाई हाय, अन् पोरगीही तिनं गुणाचीच देल्ली. मंजू, तू नाही तं मी बोलू कोणाले? घरी ये."

पडद्यावर लाल बदामांचा पाऊस पडला. शेवंताबाईंना वाचता येत नव्हतं.

"काय लिवून राह्यले?"

"हवालदारसाहेब रडून राह्यले म्हणते," नूतन वाचत गेली. मग एका ओळीपाशी थबकली. तिथं तिच्या मायचं, मंजूचं नाव होतं.

"वाच ना, पोरी!"

"'कढी खारटच होती, आई. चारच्या बसनं येऊन राह्यली.'"