पितळी पट्टी

"चाचा, नट तुम्हीच बसवलात ना? मग महिन्याभरात तारा का खरखरायला लागल्या?" दोन विद्यार्थिनींसमोर सुजयसरांनी आवाज चढवला आणि इलेक्ट्रिक गिटार लतीफचाचांच्या दुरुस्तीच्या बाकावर ठेवली.

चाचांनी गिटारच्या मानेच्या टोकाशी तारा घट्ट धरणारा लॉकिंग नट निरखला. "बराच खाली बसलाय. मधे कुणी उघडला होता?"

"मी कशाला उघडू?" सर फटकन म्हणाले.

"बरं. याची किल्ली द्या."

सरांनी अवजारांची पिशवी बाकावर उपडी केली. किल्लीबरोबर एक पातळ पितळी पट्टी बाहेर पडली. उंची राखायला चाचांनीच ती नटाखाली घातली होती, आणि मागच्या आठवड्यात साफसफाई करताना सरांनी ती फालतू समजून काढून पिशवीत टाकली होती. आता ते आठवलं आणि सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाचांनी पट्टी हळूच मुठीत घेतली, पाठमोरे होऊन नटाखाली सरकवली, स्क्रू आवळले आणि तार छेडली. आवाज स्वच्छ आला.

"पट्टी घालायला मीच विसरलो होतो," ते मुलींना म्हणाले. "तुमच्या सरांचा कान पक्का आहे."

मुली कौतुकाने बघत होत्या. खरं सांगायला सरांनी तोंड उघडलं.

"असू द्या, चाचा," ते म्हणाले. "होतं असं कधीकधी."